पाकट आणि पाटी

मला ज्याने काटा मारला ते जेवणाच्या ताटाएवढं होतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात, आणि मी हातांनी आकार दाखवला की त्यांचे चेहरे पडतात. ऑफिसात सुरुवातीला मी हात जरा जास्तच फाकवत असे. मग टेबलावरच्या फायली पडायला लागल्या, तेव्हा खऱ्या मापावर आलो. पिवळसर अंग, त्यावर निळे ठिपके, इतके निळे की कोणीतरी आत्ताच शाईच्या पेनाने दिलेत असं वाटावं. मागे शेपूट. शेपटीवर काटा. काट्यात विष. याला पाकट म्हणतात. भरतीचं पाणी चढायला लागलं की ते गुडघाभर पाण्यात येतं, अंगावर वाळू ओढून पडून राहतं, बारीक खेकडे खातं आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असतं. मी त्याच्या पाठीवर पाय दिला. त्याने शेपूट उचललं. यात त्याचं काही चुकलं असं मला आज वाटत नाही. त्या वेळी फार वाटलं होतं.

"तू 'आई गं' म्हणून ओरडलास," असं आप्पा म्हणतात. माझ्या आठवणीप्रमाणे मी काहीही म्हणालो नाही. मी फक्त पाण्यात बसलो.

आप्पा म्हणजे माझे वडील. मोठ्या आजारपणानंतर त्यांचा डावा पाय मागे राहतो आणि उजवा त्याच्यासाठी थांबतो. जमिनीवर ते काठी घेऊन चालतात, आणि चालताना कोणी त्यांच्याकडे पाहिलेलं त्यांना खपत नाही. पाण्यात मात्र काठी घेत नाहीत. "पाणी धरतं," म्हणतात. रोज सकाळी मी त्यांना किनाऱ्यावर न्यायचो. ते गुडघाभर पाण्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि मी बरोबरीने, हात न धरता पण धरल्यासारखा, चालायचो. दिवसातून तेवढाच वेळ ते कोणाचे पेशंट नसत.

त्या दिवशी ते पुढे होते, मी मागे. पाकटाने मला निवडलं.

त्यानंतर बराच वेळ माझा पाय ही सार्वजनिक मालमत्ता होती. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, व्हिनेगर ओता. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, छे, याला कांदाच लागतो, चिरून, पिळू नका. वॉचमन म्हणाला, टूथपेस्ट, पण पांढरी. लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ होते, भलत्याच मजल्यावर पार्सल द्यायला निघालेले, ते म्हणाले, मीठ. मी कोणालाच अडवलं नाही, कारण तोंड उघडलं की जे बाहेर पडत होतं ते माझ्या वयाला शोभणारं नव्हतं. डॉक्टरांनी पाय पाहिला, वाकून वास घेतला आणि माझ्या बायकोला विचारलं, "याचं लोणचं घालायचं ठरलं होतं का?" मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला सांगितलं. काटा आत राहिलेला नव्हता. नशीब चांगलं, असं डॉक्टर म्हणाले. नशिबाचा आणि माझा त्या वेळी बोलण्याचा संबंध नव्हता.

संध्याकाळी आक्का आली.

आक्का माझी मोठी बहीण. ती दोन गल्ल्या सोडून राहते, पण तिचं मत आमच्या घरी कायम मुक्कामाला असतं.

"पाणी कितपत होतं?"

"गुडघाभर."

"आप्पा कुठे होते?"

"माझ्या पुढे."

"म्हणजे त्या विषारी जनावरावरून आधी आप्पा गेले."

"वरून नाही गं. बाजूने कुठूनतरी."

"कुठूनतरी," आक्का म्हणाली, आणि आप्पांकडे वळली. "आप्पा, उद्यापासून समुद्र बंद."

"हो," आप्पा म्हणाले.

मी गरम पाण्यातून पाय काढला. आप्पांनी आक्काला हो म्हटल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावरून या दोघांनी आख्खे उन्हाळे भांडून काढलेत.

पण ते हो खरं निघालं. आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून समुद्र दिसतो, वाळत घातलेल्या टॉवेलाएवढा. त्याच्याकडे पाहत बसायचे. फिजिओथेरपीची बाई यायची, म्हणायची, "आजोबा, पाय उचला. घासू नका. टाच आधी." आप्पा म्हणायचे, हो. जेवता का, हो. नंतर जेवता का, हो. बायकोने एकदा विचारलं, "दाढी करायचीय का राहू दे?" तर त्यालाही हो. ती स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "अहो, काहीतरी करा. मला त्यांची कटकट परत हवीय."

मी आक्काकडे गेलो, लंगडत, म्हणजे जरा दया येईल.

इथे आक्काचा स्वभाव सांगायला हवा. तिचा पाट्यांवर विश्वास आहे. दवाखान्यात 'शांतता राखा' लिहिलेलं असेल तर ती आलेली शिंक परत पाठवते. 'रांगेत उभे राहा' दिसलं की एकटी असली तरी रांगेत उभी राहते.

"तिथे पाटी आहे का?" तिने विचारलं. "धोका काय, चालायचं कसं, हे नगरपालिकेने लिहून लावू दे. मग मी आप्पांना अडवणार नाही."

"पाटीने काय होणार, आक्का?"

"पाटी लावणाऱ्याने आधी विचार केलेला असतो. तुझ्यासारखं नाही."

एक पाटी. एक फळी, एक खांब, चार शब्द. मला ते इतकं सोपं वाटलं की येताना मी लंगडायचंही विसरलो.

येथे पाकट आहेत. जपून चाला.

"जपून म्हणजे कसं?" हेडमास्तरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "हळू? चवड्यांवर? ओळीने? पाटीने वाचणाऱ्याच्या मनात शंका ठेवू नये."

"आणि ज्याला पाकट माहीत नाही त्याचं काय?" काकू जिन्यातून म्हणाल्या. "चित्र हवं. चित्राशिवाय कोणी वाचत नाही. आमचे हे तर चित्र असूनही वाचत नाहीत."

येथे पाकट नावाचे विषारी मासे वाळूत असतात. चित्र पाहावे. हळू, खाली पाहत, परंतु समोरही लक्ष ठेवून चालावे.

पेंटरने चित्र काढलं. गोल, ठिपकेदार, आणि हसरं.

"हे हसतंय कशाला?"

"सवयीने झालं, साहेब. बालवाडीची कामं जास्त असतात."

"विषारी आहे हो ते. जरा गंभीर करा."

त्याने दोन भुवया काढल्या आणि मासा हुबेहूब आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठांसारखा दिसायला लागला. मी म्हटलं, असू दे. लोक नक्की लांब राहतील.

राहिली परवानगी. नगरपालिकेत एका खोलीत दोन टेबलं समोरासमोर होती. एक किनारा विभागाचं, एक बंदर विभागाचं.

"पाटीची जागा ओली की कोरडी?" किनारा विभागाने विचारलं.

"भरतीला ओली. ओहोटीला कोरडी."

"मग ओहोटी असताना आमच्याकडे या."

"आणि भरतीला?"

त्यांनी हनुवटीने समोरचं टेबल दाखवलं. समोरच्या टेबलाने बराच विचार केला. पाण्यातला खांब आमचा, ते म्हणाले, पण पाटी खांबाच्या वर असणार, म्हणजे हवेत, आणि हवेचं इथे कोणी बघत नाही. एवढं बोलून दोन्ही विभागांनी एकच डबा उघडला आणि मिळून जेवायला बसले. त्यांच्यातल्या सीमेवर लिंबाची फोड होती.

"तुम्ही असं करा," लिंबाच्या अलीकडचे म्हणाले, "सविस्तर अर्ज द्या. धोका किती मोठा आहे ते नीट लिहा. धोका मोठा असला की वरून हुकूम येतो, मग कोणाची जागा हा प्रश्नच राहत नाही."

नीट लिहा, असं ते मला म्हणाले. मला.

ऑफिसात मी मसुदे लिहितो. तीच माझी नोकरी आणि तेवढाच माझा अहंकार. शिपायाच्या रजेच्या अर्जापासून साहेबांच्या निरोपाच्या भाषणापर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं. माझा मसुदा वाचून एका ठेकेदाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पत्र त्याला ठेका नाकारणारं होतं. तेव्हा मी बसलो, बाही वर सारली आणि लिहिलं. 'वाळूच्या निष्पाप चादरीखाली दबा धरून बसलेला हा विषधर आबालवृद्धांच्या कोवळ्या पावलांची वाट पाहत असतो.' असं बरंच होतं. हे त्यातलं सौम्य वाक्य.

बायकोने वाचलं. "आपल्याला पाटीच हवीय ना? हे वाचून मला रणगाडा पाठवावासा वाटतोय."

मी एक शब्द कमी केला नाही. 'कोवळ्या' काढावा असं क्षणभर वाटलं, पण लय बिघडत होती.

अर्ज गेला, आणि एका सकाळी आप्पाही गेले.

बायको दूध तापवत होती, मी आंघोळीत. बाहेर आलो तर खुर्ची रिकामी आणि दारामागे काठी तशीच. मी तीच काठी घेतली आणि निघालो. पाऊल अजून ठणकत होतं. रस्त्यात दोघातिघांनी "आप्पा, आज लवकर?" असं मागून विचारलं, तेही मी सोसलं.

किनाऱ्यावरच्या कठड्यापर्यंत पोहोचेतो आप्पा गुडघाभर पाण्यात होते. भरती लागलेली, पाणी काचेसारखं स्वच्छ. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

आप्पांचा डावा पाय वाळूवरून फरफटत पुढे येत होता. त्याच्यापुढे हातभर अंतरावर वाळू हलली, निळे ठिपके उठले, आणि एक ताट शांतपणे बाजूला सरकलं. मग उजवा पाय, मग परत डावा. आणखी एक ताट. साहेब येताना दिसले की पायऱ्यांवर बसलेले लोक जसे न बोलता उठून वाट देतात, तशी ती पाकटं आप्पांना वाट देत होती. पाऊल वरून पडलं असतं तर काटा बसला असता. पाऊल घासत येत होतं, म्हणून त्यांना आधीच कळत होतं. जो पाय उचलावा म्हणून फिजिओची बाई आणि आक्का आप्पांच्या मागे लागल्या होत्या, तो न उचलल्यामुळेच आप्पा इतके दिवस सुखरूप होते. मी मात्र ताठ मानेने, टाच आधी टेकवत, नियमाप्रमाणे चाललो होतो.

"आप्पा, तुम्हाला हे माहीत होतं?" मी त्यांना बाहेर आल्यावर विचारलं.

"काय?"

"की पाय घासला की ती सरकतात."

"मला कुठे काय घासायचंय," आप्पा म्हणाले. "तो पायच तसला आहे." आणि मग, माझ्या हातातल्या काठीकडे पाहून, "तुला शोभते."

आठवड्याभरात सकाळी फिरायला येणारे सगळे आप्पांच्या मागे पाण्यात ओळीने पाय घासायला लागले. हेडमास्तर, काकू, काकूंचे न वाचणारे यजमान. आप्पा पुढून सूचना देत. "उचलू नका. उचललात. परत." फिजिओची बाई हे बघायला आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. शेवटी तिने तडजोड केली: पाण्यात घासा, घरात उचला. आप्पा म्हणाले, "बघू." ते 'बघू' ऐकून बायको दुकानात जाऊन त्यांच्यासाठी नवीन दाढीचा ब्रश घेऊन आली.

आक्का मात्र ऐकेना. तिच्या नजरेआड हे चाललं होतं आणि तिला कळायचं ते कळलं. "पाटी लावा," ती म्हणाली, "मग घासा काय घासायचं ते. तोवर आप्पा पाण्यात दिसले तर मी त्यांना माझ्या घरी नेऊन ठेवीन." आक्काचं घर आतल्या बाजूला आहे. तिथून समुद्र रुमालाएवढासुद्धा दिसत नाही.

येथे पाकट असतात. पाय उचलू नका. घासत चाला.

पेंटरने ही पाटी एका दिवसात दिली. भुवया तशाच ठेवल्या. आम्ही ती खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर गेलो. परवानगी आली की लगेच ठोकायची, म्हणून जागा बघून ठेवायची होती. मी, पेंटर आणि आप्पा.

किनाऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधलेली होती. लाल झेंडे होते. एक रखवालदार होता, आणि त्याला नवी कोरी शिट्टी मिळालेली होती. दोरीच्या मधोमध नगरपालिकेची छापील सूचना होती: किनारा पुढील आदेशापर्यंत बंद. खाली कारण दिलं होतं. 'वाळूच्या निष्पाप चादरीखाली दबा धरून बसलेला हा विषधर...'

खरं सांगायचं तर पहिला क्षण अभिमानाचाच होता. छापल्यावर ते वाक्य फार सुरेख दिसत होतं.

आप्पांनी सूचना सावकाश वाचली. "सही त्यांची आहे," ते म्हणाले. "भाषा तुझी आहे."

बस, तेवढंच. रागावले नाहीत. दोरीच्या पलीकडे पाणी चढत होतं. ते थोडा वेळ बघत उभे राहिले आणि काठी टेकत घराकडे वळले. जेवताना बायकोने विचारलं, भात वाढू का. आप्पा म्हणाले, हो.

मी धावलो. ओल्या टेबलाकडे गेलो, कोरड्या टेबलाकडे गेलो. दोन्ही विभाग माझा अर्ज वाचून इतके घाबरले होते की मुलांना समुद्रावर नेत नव्हते. बंदीचा हुकूम आता वरचा होता. उठवायचा तर तपासणी हवी. मी तपासणीची मागणी केली, या खेपेला फक्त दोन ओळींत, एकही विशेषण न वापरता. 'निष्पाप' दोनदा आलं, दोनदा खोडलं.

तपासणीला नगरपालिकेचे साहेब आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, आणि पाण्यात पडू नये म्हणून चष्मा बुटात. दोरीबाहेर सगळी सकाळची मंडळी उभी होती. आक्का एका बाजूला, हाताची घडी घालून.

साहेब पाण्याच्या कडेला येऊन थांबले. "इथेच ते... निष्पाप चादर वगैरे?"

"या," आप्पा म्हणाले आणि त्यांचा दंड धरला. "फक्त पाय उचलू नका."

आम्ही तिघे निघालो. आप्पा घासत, साहेब घासत, मागून मी घासत. एवढी घासाघीस चालल्यावर पाकटं कशाला थांबतात. आप्पांच्या पुढून एक गेलं, डावीकडून एक गेलं, आणि साहेबांना चष्म्याशिवाय सगळा समुद्रच ठिपक्याठिपक्यांचा दिसत होता.

"कुठे आहेत?"

"आत्ता गेलं," आप्पा म्हणाले.

"मला काही दिसलं नाही." साहेब वळले. "हे बघा, सरळ सांगतो. इथे पाकट आहे असं नक्की ठरलं, तर दोरी मोसमभर काढता येणार नाही, तसा नियम आहे. नक्की नसेल, तर मी आजच काढायला सांगतो. तक्रार तुमच्या एकट्याची आहे. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत? पाकटच होतं?"

काठावरची मंडळी ऐकायला पुढे सरकली.

माझ्या बाबतीत आजवर जे जे घडलं होतं, ते इतरांच्याही बाबतीत घडलेलं होतं. लग्न, बढती, मूतखडा. पाकट तेवढं माझं एकट्याचं. ऑफिसात लोक दुसऱ्या विभागातून मला बघायला येत. चहावाला आधी माझ्या टेबलावर कप ठेवी. ऑफिसातले जे साहेब मला 'अहो मसुदे' म्हणत, ते नावाने हाक मारायला लागले होते. ते ताट मी नीट पाहिलं होतं, ठिपक्यांसकट.

नगरपालिकेच्या साहेबांच्या पलीकडे आप्पा काठीशिवाय उभे होते. माझ्याकडे बघतही नव्हते. पाण्याकडे बघत होते.

"काच असेल, साहेब," मी म्हणालो. "बाटलीची."

"काच?"

"मी तसा घाईत होतो."

काठावर हेडमास्तरांनी "काच?" असं काकूंना विचारलं, काकूंनी यजमानांना, आणि पेंटरने हळूच पाटी पाठीमागे लपवली. साहेबांनी बुटातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, मला एकदा पुरतं बघून घेतलं. "एवढा अर्ज," ते म्हणाले, "बाटलीसाठी?"

दोरी त्याच दिवशी निघाली. ऑफिसात बातमी माझ्याआधी पोहोचली. चहा आता शेवटी येतो, आणि कोणीतरी माझ्या टेबलावर रिकामी सोड्याची बाटली ठेवून 'जपून' अशी चिठ्ठी लावली होती. अक्षर ऑफिसातल्या साहेबांचं असावं असा मला संशय आहे.

पण नगरपालिका जागी झाली की सहजी झोपत नाही. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पाटी होती. शेवटी एकदाची पाटी, सरकारी, पक्क्या खांबावर, ओल्याकोरड्याच्या बरोब्बर सीमेवर.

येथे काचा असतात. पाय उचलून चालावे.

आक्का आमच्याबरोबर आली होती. तिने पाटी वाचली. मग परत वाचली. पाण्यात हेडमास्तर आणि मंडळी ओळीने पाय घासत चालली होती, पाटीखालून, पाटीकडे न बघता. रखवालदाराची शिट्टी अजून परत घेतलेली नव्हती, आणि तो पाय उचलणाऱ्यांवर वाजवत होता.

"आप्पा, इथे उचला असं लिहिलंय," आक्का म्हणाली. तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"तू थांब इथे वाचत," आप्पांनी काठी तिच्या हातात दिली. "मी जाऊन येतो."

ते पाण्यात शिरले. आक्काने पाटी तिसऱ्यांदा वाचली. मग तिने काठी पाटीला टेकवून ठेवली, चपला खांबाच्या पायथ्याशी नीट जोडून काढल्या, साडी वर खोचली आणि आप्पांच्या मागे निघाली. पहिलं पाऊल तिने उचललं, आणि वर्गात चुकून बोललेल्या मुलीसारखी मागे वळून पाटीकडे पाहिलं. मग ते पाऊल तिने वाळूवर टेकवलं आणि पुढे सरकवलं. मग दुसरं. आप्पा मागे न बघता म्हणाले, "उचलू नकोस."

"माहितीय मला," आक्का म्हणाली.

आणि तिच्या पुढ्यातली वाळू हलली. ताट वर आलं, अंगावरची वाळू झटकली, आणि निळे ठिपके मिरवत, कडा लाटेसारख्या हलवत, काही घाई नसल्यासारखं बाजूला गेलं. आक्का पाण्यात खिळून उभी राहिली. मी मागून तिच्या ओरडण्याची वाट पाहिली. मला वाटलं, आता तरी हिला कळेल माझ्यावर काय प्रसंग आला होता ते.

"किती देखणं आहे रे," ती म्हणाली. मग सावकाश माझ्याकडे वळली.

"आणि तू याच्यावर पाय दिलास."